संत्र्याचा कारखाना : रस, साल आणि हिशेब

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वसतिगृह-निधीचा अहवाल आणि दात्यांचे आभार असा मंगल कार्यक्रम आटोपल्यावर वाफ, यंत्रे आणि भांडवल यांविषयीचे रुक्ष व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात आला असेल. त्याचे कारण आपल्या घरातच आहे. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी या पट्ट्यात आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांच्या संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराचे फळ एकदम बाजारात आले की भाव कोसळतो. चुरी म्हणून बाजूला काढलेल्या लहान फळाला तर गिऱ्हाईकच राहत नाही, आणि बांधावर पडलेल्या ढिगाकडे पाहून घरातील कर्ता पुरुष म्हणतो, "आपला एखादा रसाचा कारखाना असता तर!"

या वर्षी आपल्या तरुण मंडळींनी हा उद्गार मनावर घेतला आहे. कुटुंबागणिक भाग घ्यावा, उत्पादक कंपनी स्थापावी, उरलेली रक्कम जमिनीच्या तारणावर कर्जाऊ उभारावी आणि रस आटवण्याचा कारखाना काढावा, असा त्यांचा विचार आहे. विचार स्तुत्य आहे आणि त्यामागील तळमळ खरी आहे. परंतु ज्या कामात पूर्वजांनी राखलेली जमीन तारण ठेवावयाची, त्या कामाचे अंतरंग घरातील प्रत्येक माणसास ठाऊक असले पाहिजे. सासूबाईंनी अंगावरचे दागिने मोडून भाग घेतला आणि कारखाना कशावर चालतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही, असे आपल्या ज्ञातीत होऊ नये. म्हणून मंडळाच्या आज्ञेवरून आम्ही हा विषय आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रथम फळाचा विचार करू. नागपूरकर भोसल्यांच्या काळात हे संत्रे औरंगाबादेकडून नागपुरास आले, असे परंपरेने सांगितले जाते. काळी जमीन, कडक उन्हाळा आणि जंबेरीच्या खुंटावर बांधलेले कलम यांच्या योगाने त्याने येथे असे बस्तान बसविले की २०१४ साली 'नागपूर संत्रा' या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाचा थोरपणा कशात आहे? साल सैल, हाताने सहज सुटणारी. फोडी अलग होणाऱ्या. आंबट-गोड चवीचा मिलाफ उत्तम. लहान मुलानेही सोलून खावे असे हे फळ आहे. आणि येथेच आपल्या विषयाची पहिली गाठ बसते. जे गुण खाणाऱ्यास सुखावतात, तेच गुण रस काढणाऱ्या यंत्रास जड जातात.

जगातील संत्रारसाचा धंदा आपल्या संत्र्यावर उभा राहिलेला नाही. तो उभा आहे घट्ट सालीच्या गोड संत्र्यावर, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जातकुळीवर. व्हॅलेन्शिया, हॅमलिन, पेरा ही त्या वाणांची नावे होत. या धंद्याचा जन्म अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास झाला. सैनिकांना जीवनसत्त्व 'क' पुरविण्यासाठी रस टिकाऊ कसा करावा, हा प्रश्न होता. रस उकळून आटवला तर शिजल्याचा वास येई आणि कोणी तो तोंडास लावीत नसे. मॅकडॉवेल, मूर आणि अ‍ॅटकिन्स या तीन शास्त्रज्ञांनी त्यावर साधी पण नामी युक्ती काढली. निर्वात पात्रात कमी उष्णतेवर रस गरजेपेक्षा अधिक घट्ट करावयाचा, नंतर त्यात थोडा ताजा रस मिसळून तो हव्या त्या पातळीवर आणावयाचा आणि मग गोठवावयाचा. ताज्या रसाबरोबर गेलेला सुगंध परत येतो. १९४८ साली या पद्धतीस पेटंट मिळाले आणि थोड्याच वर्षांत फ्लोरिडाच्या बागाइतदाराचे नशीब पालटले.

पुढे डिसेंबर १९६२ मध्ये फ्लोरिडात भयंकर हिमकडाका पडला आणि बागा होरपळल्या. त्या तुटवड्याचा लाभ घेऊन ब्राझीलच्या साओ पाउलो प्रांताने कारखाने उभारले. आज जगातील संत्रारसाच्या निर्यातीपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या ब्राझीलची आहे. आपल्या कारखान्याचा घट्ट रस ज्या दिवशी विक्रीस निघेल, त्या दिवशी त्याची तुलना शेजारच्या तालुक्यातील मालाशी होणार नाही, ती ब्राझीलच्या मालाशी होईल.

आता कारखान्याच्या आत शिरू. फळ धुऊन, निवडून, आकारवार करून रस काढण्याच्या यंत्राकडे जाते. अमेरिकेतील एफएमसी कंपनीने प्रचारात आणलेल्या यंत्राची रचना मोठी चतुर आहे. एका वाटीत फळ बसते आणि वरून दुसरी वाटी दाबत येते. दोन्ही वाट्यांना बोटांसारख्या पात्या असून दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशा त्या एकमेकींत शिरतात. खालून एक नळी फळास भोक पाडते, रस आणि गर त्या नळीत उतरतो आणि साल बाहेरच्या बाहेर निघून जाते. सालीतील कडवट द्रव्याचा रसास स्पर्श होऊ नये, हे या रचनेचे रहस्य आहे. परंतु यासाठी फळ गोल, टणक आणि घट्ट सालीचे असावे लागते. आपले सैल सालीचे, चपटे, मानेशी उंचावलेले संत्रे या वाटीत नीट बसत नाही. साल आतल्या आत सरकते, फाटते आणि तिचे तेल व तुकडे रसात उतरतात. यंत्राची मांडणी बदलून, दाब कमी करून हे पुष्कळ अंशी सावरता येते. तथापि दाब कमी केला की रसाचा उतारा घटतो. शुद्धता हवी तर उतारा सोडा, उतारा हवा तर शुद्धता सोडा, असा हा पेच आहे.

दुसरी अडचण कडूपणाची. ती समजावून सांगण्यास अभियंत्याची गरज नाही, कारण आपल्या भगिनींनी ती घरीच अनुभवली आहे. संत्र्याचा रस काढल्याबरोबर प्यावा तर गोड लागतो, दुपारपर्यंत ठेवला तर कडू होतो, आणि गरम केला तर लवकरच कडवटतो. याचे कारण लिमोनिन नावाचे द्रव्य. अखंड फळात ते कडू नसलेल्या पूर्वरूपात असते. फळ पिळले की बिया, फोडींची आवरणे आणि सालीच्या आतील पांढरा थर यांतून ते पूर्वरूप रसात येते आणि रसातील आम्लाच्या योगाने त्याचे कडू लिमोनिनमध्ये रूपांतर होते. रसाच्या दहा लाख भागांत लिमोनिनचे पाच-सहा भाग असले तरी पुष्कळ लोकांच्या जिभेस ते जाणवते. आपल्या संत्र्यात बिया असतात, त्यामुळे ही खोड आपणांकडे अधिक.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. फळ पूर्ण पिकू दिले तर लिमोनिन कमी होते. रस काढताना बिया न फोडता आणि दाब मर्यादित ठेवला तर आणखी कमी होते. शिवाय विशिष्ट राळेच्या मण्यांनी भरलेल्या स्तंभातून गाळलेला रस वाहू दिला तर ते मणी कडू द्रव्य शोषून घेतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशातील कारखान्यांत ही पद्धत रूढ झाली. परंतु त्यासाठी रसातील गर आधी केंद्रापसारक यंत्राने वेगळा करावा लागतो आणि मणी वरचेवर क्षाराने धुऊन ताजे करावे लागतात. यंत्रसामग्रीत एक संपूर्ण विभाग वाढतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. "बाजारात न खपणारी चुरी कारखान्यात घालू" हे वाक्य आम्ही सर्वत्र ऐकतो. पण लहान आणि कच्च्या फळात रसाच्या मानाने साल आणि बिया अधिक, साखर कमी आणि कडूपणा जास्त असतो. जे फळ खाण्यास नको तेच रसास उत्तम, हा समज चुकीचा आहे. डाग पडलेले परंतु पूर्ण पिकलेले मोठे फळ रसास चालते. न पोसलेले फळ चालत नाही. पदरी पडले आणि पवित्र झाले, हा न्याय येथे लावून भागत नाही.

तिसरा प्रश्न उष्णतेचा आणि पाणी उडविण्याचा. रसातील जंतू सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेने आवरतात. परंतु रसात पेक्टिनचे विघटन घडविणारे एक विकर असते. ते जिवंत राहिले तर रसाचा गढूळपणा फाटून वर पाणी आणि खाली गाळ असे होते. ते विकर निष्क्रिय करण्यासाठी काही सेकंद ९० अंशांच्या आसपास उष्णता द्यावी लागते. ती जास्त वेळ दिली तर शिजल्याचा वास येतो, कमी दिली तर रस फाटतो. हे काम कढईत होत नाही. पातळ थराने रस वाहील, क्षणात तापेल आणि क्षणात निवेल अशी यंत्रणा लागते. रस आम्ल असल्यामुळे तिचा प्रत्येक भाग गंजरोधक पोलादाचा असावा लागतो.

रस आटवणे म्हणजे पाणी उडविणे. रसातील विद्राव्य घनद्रव्याचे, म्हणजे मुख्यतः साखरेचे, शेकडा प्रमाण 'ब्रिक्स' या मापाने सांगतात. समजा आपला रस १० ब्रिक्सचा आहे आणि तो आपणांस ६५ ब्रिक्सपर्यंत घट्ट करावयाचा आहे. मग १ किलो घट्ट रसास साडेसहा किलो ताजा रस लागेल आणि साडेपाच किलो पाणी उडवावे लागेल. फळातून रसाचा उतारा शेकडा ४० धरला तर १ किलो घट्ट रसासाठी सव्वासोळा किलो संत्री लागतील. याउलट रस १२ ब्रिक्सचा आणि उतारा शेकडा ५० असेल, तर तेच काम ११ किलोंहून थोड्या कमी फळांत होईल. एकच यंत्र, तीच वाफ, तोच मजूर. पण एकास सोळा किलो फळ लागते, दुसऱ्यास अकरा. हा सगळा फरक बागेत ठरतो.

म्हणूनच फ्लोरिडात फळाचे मोल नुसत्या वजनावर ठरविण्याऐवजी त्यातून निघणाऱ्या घनद्रव्याच्या वजनावर ठरविण्याची पद्धत पडली. आपल्याकडे आजही बाग बहारावर, डोळ्यांच्या अंदाजाने विकली जाते. ही रीत कारखान्यास चालणार नाही. फळाच्या गाडीतून नमुना काढून त्याचा रस, ब्रिक्स आणि आम्ल मोजल्यावाचून भाव ठरवू नये. यात थोड्या काळापुरती कुरकुर होईल. काकांच्या बागेच्या फळास पुतण्याने कमी भाव दिला, अशी तक्रार घरोघर ऐकू येईल. परंतु हे माप नसेल तर आळशी बागाइतदाराचे पाणी कष्टाळू बागाइतदाराच्या साखरेच्या भावाने विकले जाईल आणि कंपनी दोघांचीही बुडेल.

चौथा प्रश्न सालीचा. आता एका मध्यम कारखान्याचा हिशेब मांडू. तासाला १० टन फळ आणि दिवसाला २० तास काम धरले तर रोज २०० टन फळ लागेल. हंगाम ६० दिवसांचा धरला तर १२ हजार टन. त्यातून रस निघेल ४,८०० टन आणि घट्ट रस सुमारे ७४० टन. बाकी रोज १२० टन साल, चोथा आणि बिया उरतील. त्यात पाचांपैकी सुमारे चार भाग पाणी असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती आंबू लागते, तिसऱ्या दिवशी माश्या होतात आणि चौथ्या दिवशी गावकरी दाराशी येतात. ही साल फेकून देण्याची वस्तू आहे असे ज्याने गृहीत धरले, त्याचा कारखाना सालीनेच बंद पाडला असे समजावे.

वस्तुतः ही साल धनाची खाण आहे. रस काढतानाच पाण्याच्या फवाऱ्याने सालीतील तेल धुऊन घेता येते आणि केंद्रापसारक यंत्राने ते पाण्यापासून वेगळे करता येते. सुगंधी द्रव्ये, साबण आणि खाद्यपदार्थ यांत त्यास मागणी असते. सालीत चुना मिसळला तर तिने धरून ठेवलेले पाणी सुटते, मग ती दाबून आणि वाळवून गुरांचे खाद्य होते. पेक्टिनही सालीतूनच निघते. पण त्यास गरम आम्ल, पुष्कळ अल्कोहोल आणि ते परत मिळविण्याची यंत्रणा लागते, म्हणून तो उद्योग स्वतंत्रपणे विचारात घ्यावा. सांडपाण्याचीही अशीच काळजी घ्यावी लागते. त्यातील साखर नदीनाल्यातील प्राणवायू खाऊन टाकते आणि त्यातील तेल सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंनाच मारक ठरते. प्रकल्पाच्या आराखड्यात सालीचे आणि सांडपाण्याचे पान शेवटी जोडलेले असेल तर तो आराखडा परत पाठवावा.

बंधुभगिनींनो, येथवर यंत्रांचे झाले. आता व्यापाराकडे वळू, कारण कारखाने यंत्रे मोडून बंद पडतात त्याहून अधिक वेळा पैसा आटून बंद पडतात.

व्यापारातील पहिला शत्रू म्हणजे रिकामा वेळ. वरील हिशेबात यंत्रे १,२०० तास चालली. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे सात भागांपैकी एक भाग काम आणि सहा भाग विश्रांती. कर्जाचे व्याज मात्र विश्रांती घेत नाही. आपणांकडे आंबिया आणि मृग असे दोन बहार आहेत ही जमेची बाजू खरी; पण मृग बहार पावसाच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या भरवशावर असतो, आणि वरुड-मोर्शी भागात भूजल किती खोल गेले आहे हे आपणांस आम्ही सांगावयास नको. यास्तव केवळ संत्र्यावर विसंबणारा कारखाना काढू नये. मोसंबी, टोमॅटो, आंबा, पेरू अशी फळे त्याच धुलाईच्या, उष्णतेच्या आणि भरणीच्या विभागांतून जातील अशी मांडणी पहिल्या दिवसापासून करावी. फक्त रस काढण्याचे यंत्र फळागणिक बदलते. बाकीचे बरेचसे समाईक राहू शकते.

दुसरा शत्रू म्हणजे ताज्या फळाचा भाव. सव्वासोळा किलोंचा हिशेब लक्षात ठेवावा. फळाचा भाव किलोमागे १ रुपया वाढला की घट्ट रसाची किंमत किलोमागे सव्वासोळा रुपयांनी वाढते. भाव १० रुपये असताना १ किलो घट्ट रसात साडेबासष्ट अधिक शंभर, म्हणजे १६२ रुपये ५० पैशांचे फळ जाते. भाव २० झाला की ३२५ रुपयांचे. गिऱ्हाईक मात्र जगाच्या बाजारात पाहून किंमत देते. आणि मौज अशी की, भाव चढला म्हणजे आपलेच भागधारक आपल्या कारखान्याकडे पाठ फिरवून व्यापाऱ्यास बाग देतील. त्यांना दोष देता येत नाही, कारण घरात लग्नकार्य असते. परंतु स्वस्ताईत फळ कारखान्यास आणि महागाईत व्यापाऱ्यास, असे वागून कोणताही कारखाना जगलेला नाही. प्रत्येक भागधारकाने आपल्या फळाचा ठरावीक हिस्सा ठरलेल्या सूत्राने कारखान्यास देण्याचा लेखी करार केल्याखेरीज एकही वीट रचू नये.

तिसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. १२ हजार टन फळ २० रुपये किलोने घेतले तर ६० दिवसांत २४ कोटी रुपये बागाइतदारास द्यावे लागतील, आणि घट्ट रस मात्र वर्षभर थोडाथोडा विकला जाईल. यंत्राच्या कर्जाची चर्चा सर्व जण करतात, या रकमेची कोणी करीत नाही. तो रस साठविण्यासाठी शीतगृह तरी हवे किंवा निर्जंतुक भरणीची व्यवस्था तरी हवी. या दुसऱ्या पद्धतीने मोठ्या प्रमाणात साठवण करण्याचे तंत्र सिद्ध करणारे फिलिप नेल्सन यांना २००७ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या तंत्राने शीतगृहाचा भार हलका होतो, पण स्वच्छतेतील एका चुकीने सगळा साठा नासतो.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकाची. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे फळपेयात रस शेकडा १० असला तरी पुरतो. वरील कारखान्याचा ७४० टन घट्ट रस अशा पेयांत वापरला तर त्यातून सुमारे ४८ हजार टन पेय तयार होईल. एवढे पेय विकणारी कंपनी खरेदीदार म्हणून आधी हाताशी असली पाहिजे. "माल चांगला असला की गिऱ्हाईक येते" ही म्हण पेढ्याच्या दुकानास लागू पडते, पिंपांनी विकावयाच्या मालास नाही. शिवाय दुसऱ्यांचेही कारखाने आहेत. नागपूरच्या मिहानमधील पतंजली समूहाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०१६ साली झाले आणि उद्घाटन मार्च २०२५ मध्ये. त्याची क्षमता दिवसाला ८०० टन फळांची असल्याचे जाहीर झाले आहे. आपण त्याच फळासाठी त्याच्याशी स्पर्धा करावयाची की पिकलेले, निवडलेले फळ त्यास करारावर पुरवावयाचे, हाही विचार झाला पाहिजे.

जगाच्या इतिहासातील दोन धडे येथे सांगितले पाहिजेत. पहिल्या महायुद्धापूर्वी सायट्रिक आम्ल लिंबापासून निघे आणि त्या व्यापारावर इटलीचे वर्चस्व होते. सिसिलीच्या बागाइतदारास ते अढळ वाटे. १९१७ साली जेम्स करी या शास्त्रज्ञाने एका काळ्या बुरशीपासून साखरेचे सायट्रिक आम्ल करण्याची वाट दाखविली, १९१९ साली अमेरिकेत फायझर कंपनीने ते कारखान्यात सुरू केले आणि लिंबाचा तो व्यापार बघता बघता बसला. दुसरा धडा फ्लोरिडाचाच. २००५ साली तेथे ग्रीनिंग हा झाडाचा रोग आढळला. एका बारीक किडीमार्फत तो पसरतो आणि रोगी झाडास बरे करणारे औषध नाही. २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी पेट्या संत्री देणारा तो प्रांत २०२३-२४ मध्ये २ कोटी पेट्यांच्याही खाली आला. रसाचे जगातील उत्तमोत्तम कारखाने त्याच्याजवळ होते, पण झाडच आजारी पडल्यावर यंत्रे काय करणार? डिंक्या, कोळशी आणि फळगळ यांनी पोळलेल्या आपल्या बागाइतदारास याचा अर्थ सांगावा लागत नाही. निरोगी कलम हा कारखान्याचा पहिला सुटा भाग होय. रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घेतल्यावाचून नवी बाग लावू नये.

मग आम्ही कारखाना काढू नका असे सांगत आहोत काय? मुळीच नाही. आम्ही पायऱ्या सांगत आहोत.

पहिली पायरी कमी खर्चाची आणि सर्वांत लाभाची. फळ धुणे, आकारवार निवडणे, मेण चढविणे, पेट्यांत भरणे आणि सहा-सात अंश सेल्सिअसच्या शीतगृहात काही आठवडे राखणे, एवढी व्यवस्था आपण समाईक उभारावी. आपले संत्रे खाण्याचे फळ आहे, त्यास खाण्याच्या फळाचाच भाव अधिक मिळेल. बांगलादेशाने २०१९ पासून आयात शुल्क चढवीत नेल्याने आपल्या निर्यातीस धक्का बसला. अशा वेळी फळ थोडे दिवस थांबवून दूरच्या बाजारांत पाठविता येणे हेच मोठे बळ होय.

दुसरी पायरी छोट्या प्रक्रियेची. स्क्वॅशला १९५५ च्या आदेशापासून शेकडा २५ रस आणि ४० ब्रिक्सची अट आहे. त्याला पाणी उडविण्याची अजस्र यंत्रे लागत नाहीत. नागपूरच्या संत्रा-उत्पादकांच्या संघाच्या नावावरून आलेली 'नोगा' ही खूण महाराष्ट्रात घरोघर माहीत झाली ती स्क्वॅश-जॅमसारख्या मालामुळेच. स्क्वॅश, सालीचा मुरंबा, मार्मलेड आणि साठवणीचा गर ही कामे करताना आपल्या तरुणांस कडूपणा कसा आवरावा, नमुना कसा तपासावा, परवाना कसा सांभाळावा आणि उधारी कशी वसूल करावी याचे शिक्षण होईल. यात आपल्या भगिनींना केवळ मजूर न मानता भागीदार करावे, कारण पाकाची आणि चवीची पारख पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे आहे.

तिसरी पायरी बागेची. काही कुटुंबांनी थोड्या क्षेत्रावर रसास योग्य अशा गोड संत्र्याच्या वाणांची लागवड करून पाहावी. झाड फळावर येण्यास काही वर्षे जातील. तोवर पहिल्या दोन पायऱ्यांनी हात सवयीचे होतील. आणि मग चौथी पायरी, म्हणजे रस आटवण्याचा कारखाना. त्या वेळी करार हाती असतील, गिऱ्हाईक माहीत असेल, आपल्या फळाचे ब्रिक्स तीन-चार हंगामांच्या वहीत लिहिलेले असतील आणि यंत्र विकावयास येणाऱ्या दलालाशी बोलण्यास आपली माणसे तयार असतील.

ज्ञातिसंस्थेने या कामी काय करावे? संस्थेचा निधी विद्यार्थ्यांसाठी आहे, तो उद्योगात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु अन्नतंत्रज्ञान आणि यंत्रशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हंगामात एखाद्या कारखान्यात काम करण्यासाठी साहाय्य देणे, बागाइतदारांची एक समिती नेमून या हंगामापासून नमुने मोजण्यास आरंभ करणे आणि पुढील संमेलनात ती वही सर्वांसमोर वाचणे, एवढे संस्थेस सहज करता येईल. मोजण्याचे छोटे उपकरण हातात मावेल एवढे असते. आधी ते विकत घ्यावे. तसेच ही कंपनी निघेल तेव्हा तिचे दार शेजारच्या गावातील इतर बागाइतदारांसही खुले असावे. फळाला जात विचारून कारखाना चालत नाही, आणि एका ज्ञातीच्या बागांवर त्याची भूकही भागणार नाही.

तरुण मंडळींना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, आपल्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी आम्ही हे आकडे मांडले नाहीत. वडिलांनी बाग लावली तेव्हा त्यांनीही खुंट पाहिला, जमीन पाहिली, विहिरीचे पाणी पाहिले आणि मगच कलम बांधले. कारखान्याचे कलमही तसेच पाहून बांधावे. तारण-पत्रावर सही करण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांना, आईला आणि पत्नीला हा सव्वासोळा किलोंचा हिशेब समजावून सांगता आला पाहिजे. तो त्यांना पटला तर सही करावी, नाही पटला तर आणखी एक हंगाम मोजमाप करावे.

 आपल्या बागांना चांगला बहार येवो आणि आलेल्या फळाला योग्य मोल मिळो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.